दोन वाजून सोळा मिनिटांनी थांबलेला लॉग: केळी पिकवणी केंद्रातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रावेर तालुक्यातील एका केळी पिकवणी केंद्राच्या चार चेंबरचे तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम आम्ही दोघा भागीदारांनी लिहून दिला होता. केंद्र, त्याचे मालक आणि शीतयंत्रणेचे तंत्रज्ञ यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. वेळा आणि फाइलींचे आकार मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण प्रकरणाचा उलगडा त्या आकड्यांतूनच झाला.

या पट्ट्यातील पुष्कळशी केळी कच्चीच ट्रकमध्ये भरून बाहेर जाते. हे केंद्र मात्र जळगाव-भुसावळच्या बाजारासाठी माल पिकवून देते. एका चेंबरमध्ये सुमारे दहा टन हिरवी केळी क्रेटमध्ये रचली जाते, तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवून साधारण एक दिवस इथिलीन वायू दिला जातो, आणि त्यानंतर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडत चार-पाच दिवसांत माल रंगावर आणला जातो. पिकण्याची क्रिया सुरू झाली की फळ स्वतःच उष्णता सोडू लागते, त्यामुळे शीतयंत्र थांबले तर बंद खोली आतूनच तापते. मर्यादेबाहेर तापलेल्या केळीचा गर मऊ पडतो आणि साल मात्र मळकट हिरवीच राहते. असा माल कोणताही किरकोळ विक्रेता उचलत नाही.

नियंत्रणासाठी तळहाताएवढा लिनक्स बोर्ड होता, साठवणुकीसाठी एसडी कार्ड होते आणि प्रोग्रॅम सी भाषेत होता. दर पाच सेकंदांनी तो तापमान वाचून शीतयंत्रांचे रिले (विजेने हलणारे स्विच) चालू-बंद करत असे आणि दर मिनिटाला लॉग फाइलीत, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, एक ओळ लिहीत असे. त्या ओळीत वेळ, चार तापमाने, चार आर्द्रता आणि प्रत्येक कॉम्प्रेसर खरोखर चालू आहे की नाही याची खूण असे. शेवटच्या नव्या ओळीच्या चिन्हासह ही ओळ बरोबर ६० बाइटची होती. मध्यरात्री, तसेच प्रोग्रॅम नव्याने सुरू होताना, नवी फाइल उघडत असे. फाइल उघडून ओळी लिहीत राहण्यापलीकडे त्या लॉगसाठी आम्ही काहीही केले नव्हते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ तेथे आहे.

घटना

मे महिन्यातील एका रात्री वळवाचा वारा सुटला आणि ३ वाजून १० मिनिटांनी वीज गेली. ही वेळ पक्की आहे, कारण पंखा थांबताच दाराशी झोपलेल्या वॉचमनने मालकांना फोन लावला आणि त्या फोनची नोंद मोबाइलमध्ये होती. जनरेटर हाताने चालू करावा लागत असे आणि तो चालवणारा गडी त्या रात्री गावी गेला होता. वीज ३ वाजून ४२ मिनिटांनी परत आली. सकाळी सहा वाजता तिसऱ्या चेंबरचे दार उघडले तेव्हा आतले तापमान २७ अंश होते. त्या चेंबरच्या शीतयंत्राचा उच्च दाबाचा स्विच पडलेला आढळला. हा स्विच एकदा पडला की हाताने बटण दाबल्याशिवाय पूर्ववत होत नाही, आणि तो केव्हा पडला याची नोंद तो कोठेही ठेवत नाही.

तापमान १९ अंशांच्या वर गेल्यावर वाजणारा भोंगा होता. तो वाजलाही असावा, परंतु तो बसवला होता ऑफिसात, आणि ऑफिसला रात्री कुलूप असते.

अडचण

प्रश्न असा होता की शीतयंत्र वीज जाण्यापूर्वी बंद पडले की वीज परत येताना. आधी बंद पडले असेल तर दोष यंत्राचा आणि त्याच्या देखभालीचा होता. वीज येताना व्होल्टेज कमी असल्यामुळे स्विच पडला असेल तर जनरेटर चालू न होणे हे कारण धरावे लागले असते. आणि आमच्या बोर्डानेच रिले सोडून दिला असेल तर नुकसान आमच्या माथी येणार होते. याचा निवाडा करण्यासाठीच तर लॉग होता.

तंत्रज्ञांनी सकाळी लॅपटॉपवर रात्रीची फाइल उघडली. शेवटची पूर्ण ओळ २ वाजून १५ मिनिटांची होती. त्याखाली २:१६ ची ओळ अर्ध्यातच तुटलेली होती, आणि पुढे काहीच नव्हते. "भाऊ, तुमचा डबाच सव्वादोनला झोपला. लाईट तर तीनच्या पुढे गेली," असे ते म्हणाले. प्रथमदर्शनी हा आरोप बिनतोड होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे आम्हालाही तो खरा वाटला. लॉग नसता तर तिघेही सारखेच अंधारात राहिलो असतो. येथे अर्धवट लॉग होता, आणि तो आमच्याविरुद्ध साक्ष देत होता.

साक्ष उलटली कशी

पहिली शंका माझ्या भागीदाराला आली. बोर्ड २:१६ ला थांबला असता तर चारही रिले सुटले असते आणि ३:४२ पर्यंत चारही चेंबर सारखेच तापले असते. वीज आल्यावर उघडलेल्या नव्या फाइलीची पहिली ओळ ३:४३ ची होती. त्या ओळीत तीन चेंबर १८.४ अंशांच्या आसपास होते आणि तिसरा २१.० वर होता. इतर तीन चेंबरचे तापमान फक्त ३२-३३ मिनिटांच्या वीजखंडाला शोभेल इतकेच वाढले होते. म्हणजे २:१६ नंतरही बोर्ड जिवंत होता आणि तो ओळी लिहीतही होता. मग त्या ओळी गेल्या कुठे?

उत्तर फाइलीच्या आकारात होते. तुटलेली फाइल बरोबर ८,१९२ बाइटची होती. हा आकडा ४,०९६ च्या दुप्पट आहे. सी भाषेची प्रमाण लायब्ररी फाइलीत लिहिलेला मजकूर थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे देत नाही. तो प्रोग्रॅमच्याच स्मृतीतील एका बफरमध्ये साठवते आणि बफर भरला की एकदम पुढे ढकलते. आमच्या बोर्डावर हा बफर ४,०९६ बाइटचा होता. ६० बाइटच्या हिशेबाने त्यात ६८ पूर्ण ओळी आणि एकोणसत्तराव्या ओळीचा तुकडा मावतो. मध्यरात्रीपासून दुसरा बफर २:१६ ची ओळ लिहिली जात असतानाच भरला आणि ओळीच्या मध्यात तुटून फाइलीत गेला. तिसरा बफर ३:२४ ला भरला असता. वीज ३:१० ला गेली, आणि मधल्या सुमारे ५४ ओळी बोर्डाच्या स्मृतीबरोबर पुसल्या गेल्या.

हे आमच्या टेबलावर कधी दिसले नाही याचेही कारण आहे. हाच प्रोग्रॅम पडद्यावर लिहितो तेव्हा लायब्ररी प्रत्येक ओळ संपताच पुढे पाठवते, आणि फाइलीवर लिहिताना मात्र बफर भरण्याची वाट पाहते. चाचणीत आम्ही पडद्यावर झरझर उतरणाऱ्या ओळी पाहिल्या आणि फाइलीतही तसेच होत असेल असे गृहीत धरले.

त्यानंतर जुन्या फाइली काढून पाहिल्या. वीज जाऊन संपलेली प्रत्येक फाइल ४,०९६ च्या पटीत होती, आणि सुरू झाल्यापासून ६८ मिनिटांच्या आत वीज गेलेली प्रत्येक फाइल शून्य बाइटची होती. या शून्य बाइटच्या फाइली आम्ही पूर्वीही पाहिल्या होत्या आणि 'लाईट ये-जा करते, त्यामुळे असतील' असे म्हणून दोनदा साफही केल्या होत्या.

हातची गेलेली तासाभराची नोंद

एक निर्णय येथे वेगळा नोंदवावासा वाटतो. सकाळी सातला, म्हणजे बफरचा उलगडा होण्याच्या आधी, आम्ही फोनवरून बोर्ड बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. ३:४३ च्या फाइलीचा दुसरा बफर ५:५९ ला भरला होता आणि तिसरा ७:०७ च्या सुमारास भरणार होता. म्हणजे जिवंत प्रोग्रॅमच्या पोटात तासाभराच्या ओळी होत्या आणि त्या आमच्याच सांगण्यावरून गेल्या. प्लग काढण्याऐवजी प्रोग्रॅम बंद करण्याचा साधा संकेत दिला असता तरीही आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या वाचल्या नसत्या. तो संकेत आपण हाताळला नसेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे संपतो आणि बफर रिकामा करण्याची लायब्ररीला संधीच मिळत नाही. खरा उपाय होता तो चालू प्रोग्रॅमला डीबगर (प्रोग्रॅम आतून तपासण्याचे साधन) जोडून त्याच्याकडून एफफ्लश हे बफर लगेच रिकामा करणारे फंक्शन बोलावून घेण्याचा. दोन मिनिटांचे काम होते. ते आम्हाला माहीतही होते, फक्त त्या वेळी आठवले नाही.

पर्यायांचा विचार

सर्वांत सोपा पर्याय प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश बोलावण्याचा, किंवा फाइल उघडतानाच तिला ओळीगणिक पुढे पाठवण्याच्या पद्धतीवर लावण्याचा होता. आम्ही तोच आधी केला. प्रोग्रॅम चालू असताना किल -९ ही त्याला जागीच संपवणारी आज्ञा देऊन तो मारून पाहिला, शेवटची ओळ फाइलीत सापडली आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. ही चाचणी चुकीच्या संकटाची होती. किल -९ ने प्रोग्रॅम मरतो, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जिवंत राहतो. एफफ्लश मजकूर कर्नलच्या हाती देतो, आणि कर्नल तो आपल्या पेज कॅशमध्ये (स्मृतीतल्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवून सवडीने कार्डावर उतरवतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी पाहणी होते आणि ३० सेकंदांपेक्षा जुना झालेला मजकूर खाली लिहिला जातो. केंद्रावरचे संकट वीज जाण्याचे होते, आणि वीज गेली की प्रोग्रॅम आणि कर्नल दोघांचेही हातचे जाते. दुसऱ्या दिवशी दहा वेळा प्लग ओढून पाहिला तेव्हा चार वेळा शेवटची ओळ सापडली नाही.

पुढचा पर्याय प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश आणि त्यापाठोपाठ एफसिंक बोलावण्याचा होता. एफसिंक हे साठवणूक-साधनाने 'उतरले' असे सांगेपर्यंत परत येत नाही. त्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात: ते फार संथ असते आणि एसडी कार्ड झिजवते. दोन्ही आक्षेप खरे आहेत, पण किती वेळा बोलावायचे आहे हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० वेळा. त्या कार्डावर एका वेळेला बहुधा सेकंदाचा लहानसा अंश जात होता, क्वचित दोन सेकंद. रिलेचे चक्र पाच सेकंदांचे असल्याने हा विलंब सहज पचणारा होता. आता नव्याने सेकंदागणिक लिहायचा सेन्सरचा कच्चा लॉग (घटनेच्या रात्री तो नव्हता) मात्र वेगळा होता. तेथे दिवसाला ८६,४०० वेळा कार्डाला थांबवून धरणे परवडणारे नव्हते, आणि त्यातील अर्धा मिनिट गेला तरी कोणाचे काही अडत नव्हते.

लॉग सिस्टमडीच्या जर्नल सेवेकडे, म्हणजे लिनक्समधल्या नोंदी ठेवणाऱ्या तयार सेवेकडे, सोपवण्याचा विचार थोडा वेळ झाला. परंतु तिच्या मूळ मांडणीत साध्या नोंदी दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या होतात आणि फक्त अतिगंभीर दर्जाच्या नोंदी ताबडतोब होतात. शिवाय आमच्या बोर्डावरच्या आवृत्तीत ठरावीक फोल्डर नसेल तर सारे जर्नल स्मृतीतच राहत असे. आमच्या गरजेला ते पुरेसे नव्हते. नोंदी इंटरनेटवरून बाहेर पाठवण्याचा पर्याय मालकांना आवडला होता, पण वीज गेली की राउटरही जातो.

लेखन वेगळ्या धाग्याकडे (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारा भाग) देण्यावर आम्हा दोघांत वाद झाला. धाग्यामुळे रिलेचे चक्र कधीच अडकले नसते, हे भागीदाराचे म्हणणे बरोबर होते. पण मधल्या रांगेत उभ्या राहिलेल्या ओळी म्हणजे आपल्याच हाताने बांधलेला नवा बफर, आणि बफरमुळेच तर आपण या खड्ड्यात पडलो, असे माझे म्हणणे होते. शेवटी धागा टाळला.

केलेली कृती

लॉग दोन फाइलींत विभागला. मिनिटाची ओळ आणि इशाऱ्याची ओळ यांच्यामागे एफफ्लश व एफसिंक लावले, तर कच्च्या लॉगला फक्त ओळीगणिक एफफ्लश ठेवले. पूर्वी इशाऱ्याला वेगळी ओळ नव्हती, तो मिनिटाच्या ओळीतच येत असे. आता स्विच पडला किंवा कॉम्प्रेसरची खूण बदलली की मिनिटाची वाट न पाहता त्याच चक्रात ती लिहिली जाते. क्रम मुद्दाम असा ठेवला की आधी रिले हलतो आणि मग लॉग लिहिला जातो, म्हणजे कार्ड रेंगाळले तरी केळीला त्याचा त्रास होऊ नये.

नवी फाइल उघडल्यावर तिच्या फोल्डरवरही एकदा एफसिंक लावले. फाइलीतला मजकूर उतरला तरी 'या नावाची फाइल आहे' ही फोल्डरमधली नोंद वेगळी असते, आणि तीही पक्की व्हावी लागते. एफसिंक अपयशी ठरले तर तेच पुन्हा बोलावून यश मानायचे नाही, हेही ठरवले. लिनक्सवर अपयशी एफसिंकनंतरचे दुसरे एफसिंक मजकूर गमावूनही 'यशस्वी' सांगू शकते, ही गोष्ट २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकांनी चव्हाट्यावर आणली होती. आमचा प्रोग्रॅम अशा वेळी नवी फाइल उघडतो आणि पॅनलवरचा लाल दिवा लावतो.

यासोबत बोर्डाला लहान बॅटरी जोडली. वीज गेल्याचा संकेत मिळाला की प्रोग्रॅम 'वीज गेली' अशी ओळ लिहितो, फाइली बंद करतो आणि बोर्ड शिस्तीत थांबवतो. बॅटरी असताना एफसिंक कशाला, असे मालकांनी विचारले. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या पॅनलमध्ये ठेवलेली बॅटरी किती उन्हाळे काढेल याची खात्री कोणीही देणार नाही, हे उत्तर त्यांना लगेच पटले.

शेवटी तीस वेळा प्लग ओढला, त्यातील दहा वेळा बॅटरी काढून. प्रत्येक वेळी एफसिंक परत आल्यावर पडद्यावर दाखवलेला ओळीचा क्रमांक कागदावर लिहून घेतला आणि वीज आल्यावर फाइलीशी ताडून पाहिला. एकही ओळ कमी भरली नाही.

परिणाम

त्या रात्रीचा निवाडा मात्र लॉगवरून होऊ शकला नाही. इतर चेंबर ३२ मिनिटांत सुमारे १.८ अंश वाढले होते. तोच वेग धरला तर तिसऱ्या चेंबरचे २:१५ चे १७.२ वरून २१.० वर जाणे सुमारे ६८ मिनिटांचे काम होते, म्हणजे यंत्र २:३५ च्या आसपास, वीज जाण्याच्या बऱ्याच आधी बंद पडले असावे. तंत्रज्ञांनी यावर रास्त हरकत घेतली. तिसऱ्या चेंबरमधला माल तिसऱ्या दिवसाचा, सर्वाधिक उष्णता सोडणारा होता, त्यामुळे त्याचा वेग इतरांच्या दुप्पट असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोडून काढायला आमच्याकडे त्या ५४ ओळीच नव्हत्या. नुकसानीचा निम्मा भार मालकांनी घेतला आणि उरलेला तंत्रज्ञांनी व आम्ही सारखा वाटून घेतला. आमच्या वाट्याची रक्कम मूळ कामाच्या मोबदल्याच्या जवळ जाणारी होती.

जूनमध्ये दुसऱ्या चेंबरचे यंत्र रात्री १ वाजून ४८ मिनिटांनी थांबले आणि १:५५ ला वीज गेली. सकाळी फाइलीत दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या. तंत्रज्ञांनी त्या वाचल्या, काही न बोलता छतावर गेले आणि कंडेन्सरच्या पंख्याचा कपॅसिटर बदलून खाली आले.

वेगळे काय करता आले असते

शून्य बाइटच्या फाइलींनी दोन वेळा खुणावले होते. त्या साफ करण्याऐवजी 'तासभर चाललेल्या प्रोग्रॅमची फाइल रिकामी कशी' एवढे विचारले असते तर घटनेच्या कित्येक महिने आधी दोष सापडला असता. दुसरे म्हणजे, काम सोपवतानाच्या चाचणीत प्लग ओढणे ही पायरीच नव्हती. जेथे आठवड्यातून कित्येकदा वीज जाते तेथे ती पहिली पायरी असायला हवी होती. एफसिंकचा खर्च न मोजता तो जड असतो हे ऐकीव मत आम्ही बरीच वर्षे बाळगले. दिवसाच्या ओळी मोजायला एक मिनिटही लागला नसता.

भोंग्याबाबत तर लॉगचा प्रश्नच नव्हता. तो आता वॉचमनच्या खाटेच्या डोक्याशी बसवला आहे. चाचणीसाठी तो दर सोमवारी वाजवला जातो, आणि दर सोमवारी वॉचमन मालकांकडे त्याची तक्रार करतात.